मेजाखालचा चुरा

"वच गो," आंटी कोपरानं ढोसत कुजबुजल्या. "सगळीं वतात."

सगळी खरोखरच जात होती. आंटींच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं, त्याचं मीस, म्हणजे पाद्रीनं चालवायची उपासना, होतं. बार्देशातल्या आमच्या गावची इगर्ज, म्हणजे कॅथलिक चर्च, अर्धीअधिक भरलेली. माणसं बाकांवरून उठून रांगेनं पुढे सरकत होती, पाद्रीसमोर प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी तळहात धरत होती, 'आमेन' म्हणून कडेच्या वाटेनं परतत होती. मी पाय आखडून सगळ्यांना वाट करून दिली आणि बसून राहिले. अख्ख्या बाकावर एकटी. मागच्या बाकावरच्या पोरानं आईला काहीतरी विचारलं आणि आईनं त्याला दटावलं. माझ्याबद्दलच असणार.

बाहेर आल्यावर आंटींनी सरळच विचारलं, "तूं किरिस्तांव न्हय गो?"

अकरा वर्षं झाली मला गोव्यात, आणि या प्रश्नाची मला आता सवय व्हायला हवी होती. इथला हिशेब सोपा आहे. मराठी बोलणारा तो हिंदू. इगर्जीत जाणारा तो कोंकणी बोलतो आणि त्याचं आडनाव पोर्तुगीज असतं. माझं आडनाव नगर जिल्ह्यात ढिगानं सापडेल असलं, घरात मराठी, आणि भिंतीवर क्रूस. म्हापशाच्या बाजारात हिंदू ओळखीचे विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी कसं इतकं चांगलं?" ख्रिस्ती ओळखीचे विचारतात, "मग तुमी बिलिवर्स?" म्हणजे नव्या पंथांतले. एका निवृत्त बँकवाल्या गृहस्थांना मी 'अँग्लिकन' म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "हां हां, तो बायकांवाला राजा!"

तोच. आठव्या हेन्रीला पहिली बायको सोडायची होती, पोप सोडू देईना, म्हणून १५३४ साली राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. ही गोष्ट खरी आहे आणि ती सांगताना लोकांना होणारा आनंदही खरा आहे. पण हेन्रीनं धनी बदलला, प्रार्थना फारशा बदलल्या नाहीत. त्या बदलल्या तो १५४७ मध्ये मेल्यानंतर, आणि बदलल्या थॉमस क्रॅन्मर नावाच्या आर्चबिशपनं. लॅटिन जाऊन लोकांच्या बोलीत उपासना आली. १५४९ चं प्रार्थनापुस्तक त्याचंच. पुढे त्यात भर पडत, काटछाट होत १६६२ चं पुस्तक ठरलं आणि तेच इंग्रजांबरोबर जगभर गेलं. त्याचं मराठी झालं. आणि त्या मराठी पुस्तकाची एक प्रत, पाठीचा कणा उसवलेली, निळ्या खादीच्या तुकड्यात बांधलेली, माझ्या आजीच्या ट्रंकेत होती.

माझ्यासाठी अँग्लिकन परंपरा म्हणजे ती ट्रंक. कॅथीड्रल नव्हे, ऑर्गन नव्हे.

आजीचं गाव नगर जिल्ह्यातलं. त्या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम मोठं. आमचे लोक मात्र एसपीजीच्या, म्हणजे १७०१ साली लंडनमध्ये निघालेल्या जुन्या अँग्लिकन संस्थेच्या मिशनचे. आजी अजूनही 'अमेरिकनवाले' आणि 'एसपीजीवाले' असा भेद करायची, नि तोही सोयरीक जुळवताना. खरं तर २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा हे सगळे एकाच छपराखाली आले होते. आजीच्या लेखी फरक एवढाच पडला की देवळाच्या पाटीवरचं नाव बदललं. देवळाच्याच म्हणायची ती, चर्च नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरी-द्राक्षारस घेण्याआधी सगळ्यांनी गुडघे टेकून एक प्रार्थना म्हणायची. पुस्तक आता काकांकडे आहे, त्यामुळे मी शब्द आठवणीतून सांगते, छापील ओळ वेगळी असेल. आम्ही आमच्या नीतिमत्त्वावर भरवसा ठेवून तुझ्या मेजाजवळ येत नाही. तुझ्या मेजाखाली पडलेला चुरा वेचण्याचीही आमची लायकी नाही. पण सदा दया करणं हा तुझा स्वभाव आहे. क्रॅन्मरनं ही प्रार्थना लिहिली ती १५४८ मधली, म्हणजे अख्ख्या प्रार्थनापुस्तकाच्याही आधीची.

आजीच्या घरात मेज नव्हतं. टेबल नव्हतं म्हणायला हवं, कारण बोलण्यात 'टेबल' होतं, 'मेज' फक्त प्रार्थनेत होतं. जेवायला जमिनीवर बसायचं, आल्यागेल्याला पाट. वस्तीतलं एकमेव टेबल देवळात होतं, आणि त्याच्याखाली काय पडतं हे बघायला मी लहानपणी एकदा वाकून पाहिलं होतं. एक मेलेला मुंगळा होता. आजी स्वतः भाकरी खाऊन झाली की बोट ओलं करून ताटातला कण न् कण टिपायची, मग ताट पालथं घातलं तरी काही पडणार नाही असं लख्ख. त्यामुळे मला लहानपणी ती प्रार्थना आजीसाठीच लिहिल्यासारखी वाटे. लायकी नाही असं म्हणणारी बाई चुरा इतका नीट वेचते, हे तेवढं जुळत नसे.

आजोबा मात्र त्या ओळीला गप्प होत. बाकीची प्रार्थना खड्या आवाजात, आणि 'मेजाखाली' आलं की ओठ बंद. 'पण सदा दया करणं' पासून पुन्हा आवाज. मला वाटायचं विसरतात. कॉलेजात असताना एकदा विचारलं. म्हातारा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मग म्हणाला, त्याच्या बापाकडे येसकराची, म्हणजे गावच्या राखणदाराची, काठी होती. सहा-सात वर्षांचा असताना तो आईबरोबर संध्याकाळी टोपली घेऊन गावात भाकरी मागायला जाई. जोहार मायबाप म्हणायचं, लांब उभं राहायचं, वरून टाकतील ते झेलायचं. कधी ताजी, कधी शिळी, कधी उष्टी. "आमची लायकी न्हाई हे गावानं शिकवलं होतं आम्हाला," तो म्हणाला. "ते शिकाया देवळात कशाला यायचं?"

त्यानंतर मला ती प्रार्थना सरळ म्हणता आलेली नाही.

क्रॅन्मर कँटरबरीचा आर्चबिशप होता. राजवाड्यातल्या पंगतीला बसणारा माणूस. तो जेव्हा 'माझी लायकी नाही' म्हणतो तेव्हा उंचावरून खाली वाकतो, आणि ते वाकणं खरं होतं हेही मी मानते. १५५६ मध्ये त्याला ऑक्सफर्डला जिवंत जाळलं तेव्हा ज्या हातानं भीतीपोटी माघारीच्या कागदांवर सह्या केल्या होत्या तो उजवा हात त्यानं आधी आगीत धरला. अशा माणसाच्या नम्रतेला मी ढोंग म्हणणार नाही. पण तेच शब्द, तसेच्या तसे, जहाजात बसून आले आणि ज्याला पिढ्यान् पिढ्या पंगतीबाहेर ठेवलं त्याच्या तोंडात घातले गेले. वाकलेल्याला आणखी वाका म्हणून सांगितलं. घालणाऱ्यांच्या हे ध्यानातही आलं नसेल. भाषांतर बिनचूक असूनही प्रार्थना चुकू शकते, ती अशी.

मेजाचा इतिहास मी नंतर वाचला आणि त्यातली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. इंग्लंडात धर्मसुधारणा झाली तेव्हा दगडी वेद्या फोडून लाकडी टेबलं आली. १५५० मध्ये लंडनच्या बिशप रिडलीनं तसा हुकूमच काढला. कारण वेदीवर बळी देतात, टेबलावर जेवतात. आणि हे जेवण आहे, बळी नव्हे. टेबल देवळाच्या मधोमध, माणसांच्या जवळ आणून ठेवलं. मग शंभरेक वर्षांत आर्चबिशप लॉडच्या मंडळींनी ते पुन्हा पूर्वेच्या भिंतीला लावलं आणि पुढे कठडा घातला. १६३६ मध्ये नॉर्विचच्या बिशपनं तर कठड्याचे खांब इतके दाट हवेत की कुत्रं आत शिरता कामा नये, असं बजावलं. म्हणजे पाहा: मेजाखालचा चुरा कुत्र्यांनाही मिळतो, ही मूळ शुभवर्तमानातली गोष्ट. तीच प्रार्थनेत म्हणायची, आणि कुत्रं येऊ नये म्हणून कठडा बांधायचा. आमच्या गावच्या देवळातही तसा कठडा होता. त्यापाशीच आजी गुडघे टेकायची.

मराठी माणसाच्या आठवणीतलं सगळ्यात प्रसिद्ध अँग्लिकन टेबल मात्र प्रभुभोजनाचं नाही, चहाचं आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनचं. १८९० मध्ये तिथे जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी नावं छापून टाकली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. टिळक, रानडे यांच्यासारखी माणसं त्यात. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. शाळेत आम्हाला हा धडा गमतीदार प्रसंग म्हणून शिकवला. वर्गात मी एकटी 'मिशनवाली', सगळे माझ्याकडे बघून हसले, मीही हसले. कुणाच्या टेबलावर कुणी काय प्यालं यावरून एवढा गहजब झाला, आणि त्याच वर्षी माझ्या पणजोबांचे आईबाप लांब उभे राहून भाकरी झेलत होते, हे दोन्ही एका चित्रात बघायला मला पुढे वीस वर्षं लागली.

आता गोव्याचं. गोव्यात अँग्लिकन खूण शोधत गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. नेपोलियनच्या धामधुमीत इंग्रज फौज इथे येऊन राहिली होती, तिची दफनभूमी दोनापावलाजवळ आहे. मी एकदा जाऊन आले. थडग्यांत मला कुणी आपलं वाटलं नाही. समुद्राचा वारा मात्र छान होता.

आपला वाटला तो उलट दिशेनं आलेला माणूस. थॉमस स्टीफन्स, आपले फादर स्टीफन्स. विल्टशरचा इंग्रज, एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक राहणं अवघड म्हणून रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. म्हणजे माझ्या चर्चपासून पळून आला म्हणा ना. साष्टीत त्याचं आयुष्य गेलं, आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांत. मराठीची थोरवी सांगताना आपण ज्या ओव्या भाषणांत ठोकून देतो, त्या या इंग्रजाच्या. मी ज्या चर्चची, त्याच्या राणीची भाषा मला शाळेत घोकून शिकावी लागली. आणि जो तिच्या चर्चला नाकारून आला त्याची भाषा मला आजीच्या जात्यावर ऐकू येते. तरी त्याच्या इगर्जीत मी बाकावर बसून राहते, कारण १८९६ मध्ये पोप तेराव्या लिओनं अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे निरर्थक आणि शून्यवत ठरवली, आणि ते अजून मागे घेतलेलं नाही. आमच्या पाळकांचा अभिषेक खोटा, मग आमचं मेज कसलं खरं? गोव्यातल्या कुठल्याही पाद्रीनं मला हे कधी तोंडावर ऐकवलं नाही, उलट दोघा-तिघांनी चहा पाजला. पण नियम तो नियम, आणि दुसऱ्याच्या घरी घरच्यांचा नियम पाळावा हे आजीनं शिकवलेलं आहे.

आमचं स्वतःचं मेज म्हापशाच्या पुढे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली फरशीचं दुकान. हॉल आठवडाभर ट्यूशनवाल्यांचा, रविवारी सकाळी आमचा. वीस-पंचवीस माणसं: नगरची, कोल्हापूरकडची, बेळगावची, दोन कारवारची, एक नागा नर्स जिला मराठी कळत नाही पण 'उपासना संगीता'तली सगळी गाणी पाठ झाली आहेत. पाळक महिन्यातून दोनदा येतात. टेबल ट्यूशनच्या पोरांचं. त्यावर कर्कटकानं कोरलेली बदामं, एका कोपऱ्यात पायथागोरसाचा प्रमेय. एक पाय आखूड म्हणून त्याखाली वर्तमानपत्राची घडी. त्यावर पांढरं कापड अंथरलं की झालं मेज. कठडा नाही. गुडघे टेकायला जागाही नाही, उभ्यानंच.

कोविडपासून एकच प्याला बंद झाला. आता औषधाच्या मापासारखे प्लॅस्टिकचे इवलेसे पेले येतात, खोक्यात शंभर. सोय आहे, मला कळतं. पण लोकांना प्याला नाकारायचा नाही हे इंग्लंडच्या चर्चनं एकोणचाळीस कलमांत वेगळं कलम करून लिहिलं होतं, तिसावं. आणि आमच्या लोकांसाठी तर त्या एका प्याल्यात सगळं होतं. आजी सांगायची, आमच्या देवळात एकदा वरच्या जातीतून आलेले एक मास्तर प्रभुभोजनाला हटकून पहिले उभे राहत, आमच्या कुणाचे ओठ लागायच्या आत. साहेब पाळकानं दोन-चार रविवार पाहिलं आणि एका रविवारी प्याला द्यायला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. शंभर पेल्यांच्या खोक्यात ते करता येत नाही.

आणि ती प्रार्थना आमच्या हॉलमध्ये होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर उपासनेची पीडीएफ येते, तीत ती नाहीच. मी पाळकांना विचारलं. तरुण माणूस, चांगला माणूस, म्हणाला, "ताई, ती आता ऐच्छिक असते. इंग्लंडमध्येसुद्धा. लोकांनी आठवडाभर बाहेर कमी ऐकलेलं असतं का? इथून जाताना तरी बरं वाटून जावं." आजोबा असते तर त्यांनी त्याची पाठ थोपटली असती. मला मात्र गंमत वाटली, की ज्या ओळीशी मी पंचवीस वर्षं भांडतेय ती नाही म्हटल्यावर माझंच काहीतरी उचलून नेल्यासारखं झालं.

कारण आजीचं म्हणणं वेगळं होतं. आजोबांचं ऐकून मी तिच्याकडे गेले होते, तू कशी म्हणतेस ही ओळ म्हणून विचारायला. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "चुऱ्याची गोष्ट कुणाची? त्या कनानी बाईची. येशू तिला म्हणला, पोरांची भाकर कुत्र्याला घालू नये. ती गप बसली का? म्हणली, खरं हाय प्रभू, पण कुत्रीबी चुरा खात्यातच. भांडली ती." सूप एकदा जोरात आपटलं. "आन् घेतलंच की मागून." आजीच्या बायबलात ती बाई वाकलेली नव्हतीच. क्रॅन्मरनं तिच्या तोंडचं वाक्य उचललं आणि त्यातला वाद काढून घेतला. आजीनं तो कुठल्याही टीकाग्रंथाशिवाय परत घातला. दोघं नवरा-बायको एकाच बाकावर चाळीस वर्षं बसले, एक ती ओळ गाळून, एक ती ओळ ठासून. कोण बरोबर हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा आंटींच्या मुलानं मोबाइल पुढे केला. "तुमची पोप बाई झाली!" ऑक्टोबर २०२५ मधली बातमी, कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली, त्या गादीवरची पहिली बाई. मी त्याला समजावलं की आर्चबिशप म्हणजे पोप नव्हे, तिचा हुकूम इंग्लंडाबाहेर चालत नाही, आफ्रिकेतल्या कित्येक बिशपांनी तिला मानणार नाही म्हणून सांगितलंयसुद्धा, आणि आपल्याकडे आंध्रात नंद्यालला २०१३ मध्येच बाई बिशप झाली होती. तो म्हणाला, "मग तुमचें मुखेली कोण?" मला पटकन उत्तर सुचेना. "पुस्तक," मी म्हटलं. ते खरं होतं का ठाऊक नाही; ते तर काकांकडे आहे.

त्या दिवशी मीस संपल्यावर जेवण आंटींकडे होतं. वर्षाचं जेवण, पन्नास-साठ माणसं. ओसरीत खुर्च्या, अंगणात मांडव. मी सवयीनं अंगणाच्या कडेला, पायरीवर ताट घेऊन बसायला गेले. आंटी आतून ओरडल्या, "थंय कित्याक? मेजार बस!"

मेजार. इतकी वर्षं इथे राहून तो शब्द माझ्या कानावरून शेकडो वेळा गेला असेल. गोव्यात टेबलाला मेजच म्हणतात, रोजचं, भाजी चिरायचं, पोरांनी अभ्यास करायचं. आजीचा प्रार्थनेतला शब्द.

आतल्या खोलीत लांब जुनं शिसवी मेज होतं, घरची माणसं बसली होती. आंटींनी दिराला सरकायला लावून मला जागा केली. सकाळी पोदेरानं, म्हणजे पाववाल्यानं, टाकलेल्या पोयी टोपलीत होत्या, कोंड्यानं माखलेल्या. मी पोयी मोडली तसा कोंडा आणि चुरा ताटाबाहेर मेजावर सांडला. जेवण झाल्यावर मी नकळत बोट ओलं केलं आणि एकेक कण टिपायला लागले. आंटींनी पाहिलं. त्यांना वाटलं, माझं पोट भरलं नाही. काही न बोलता त्यांनी टोपली पुढे ओढली आणि आणखी एक पोयी माझ्या ताटात ठेवली.

"खा गो," त्या म्हणाल्या. "जाय तितलें आसा."